नावेतली माणसं

पाऊस थांबून बरेच दिवस झाले, तरी नदी उतरायचं नाव घेत नव्हती. गावाची निम्मी शेतं पैलतीरावर. पीक पिकून उभं होतं, कणसं माना टाकायला लागली होती, ते या काठावरूनही दिसत होतं. आणि गावाची एकुलती एक नाव काठावर पालथी पडली होती.

नावाडीण तिच्याजवळ उकिडवी बसून फळ्यांच्या फटींत सुतळी ठासत होती. छिन्नी ठेवायची, हातोडी मारायची, बोटाने चाचपायचं, पुन्हा मारायची. तळहाताला फोड येऊन फुटले होते. तिथे चिंधी गुंडाळली होती, ती सारखी सुटत होती. दोन पावलांवर सासरा तीन दगडांवर डांबर तापवत होता. धूर डोळ्यांत जात होता, पण म्हातारा हलत नव्हता. थोरला मुलगा गेल्यापासून तो जिथे बसेल तिथेच बसून राही.

"वहिनी, कशाला एवढी मरतेस?" धाकटा दीर म्हणाला. त्याचा उजवा हात गळ्यात अडकवला होता. खांद्याचं हाड मोडलं होतं, ते अजून जुळलं नव्हतं. "बसणार कोण आपल्या नावेत?"

"कुणी नाही बसलं तर मी एकटी जाईन, एकटी येईन."

"आणि नाव रेटायला बांबू कोण मारणार? मी असा लुळा."

"मीच. लग्न होऊन आले तेव्हापासून चाऱ्याच्या खेपा कोण आणत होतं?"

"चारा बुडाला तर कोण विचारत नाही, वहिनी."

तिने हातोडी थांबवली. धाकट्याने जीभ चावली आणि तो नदीकडे बघत राहिला.

झालं होतं ते असं. महिन्याभरापूर्वी, पाण्याला आतापेक्षाही जास्त ओढ असताना, संध्याकाळी वारा सुटला. पैलतीरावर कामाला गेलेल्या सगळ्यांनाच एकदम घरी यायचं होतं. नाव भरली. नावाडी नको नको म्हणत होता, तरी आणखी माणसं चढली. मधल्या धारेत नाव आडवी झाली आणि काळ्या खडकावर आदळली. पोहता येणारे कसेबसे काठाला लागले. चौघं गेली. शिंपी गेला, म्हातारी सुईण गेली, कुंभाराची सात वर्षांची पोर गेली आणि नावाडी गेला. नावाडी तर माशासारखा पोहणारा. तो दोनदा वर आला, धाकट्याला काठाकडे ढकललं, पुन्हा खाली गेला, तो गेलाच.

नावाडी नको म्हणाला होता, हे नावेतल्या प्रत्येकाने ऐकलं होतं. पण महिन्याभरात गावात एकच वाक्य रुळलं. नावाड्याने जास्त माणसं घेतली. चढलेली माणसं कोण होती, हे त्या वाक्यात नव्हतं.

कुंभाराची पोर तर आधी नावेत नव्हतीच. तिची आई माती खणत मागे राहिली होती. नाव सुटताना कुंभारणीने पोरीला काखेत धरून उचललं आणि नावेच्या कडेवरून आत ठेवलं. "घे हिला, एवढीशी तर आहे, मी मागून येते," असं म्हणाली. नावाडी म्हणाला, "नको गं, भरलीय." तोवर नाव सुटली होती. धाकटा तिथेच, मागच्या टोकाला बसला होता. त्याने घरी येऊन वहिनीला एकदाच सांगितलं होतं आणि तिने त्याला बजावलं होतं, हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही.

दुपारी पुढाऱ्याचा माणूस आला. गावात काहीही ठरवायचं झालं की ज्याच्या ओसरीवर ठरे, त्याला सगळे पुढारीच म्हणत. निरोप असा होता की गेलेल्यांची आठवण काढायला गाव शाळेच्या खोलीत जमतंय. माणूस घराघरांत "नक्की या" म्हणत आला होता. इथे मात्र नावेकडे बघत म्हणाला, "यायचं तर या."

---

शाळेच्या खोलीत बाकं भिंतीला लावून जमिनीवर सतरंजी टाकली होती. नावाडीण दाराजवळ बसली. शेजारची बाई उठून पुढे सरकली. दारातला वारा लागतो म्हणून सरकली असेल, असं नावाडिणीने स्वतःला समजावलं. डांबराचे डाग हातावरून निघाले नव्हते. तिने हात पदराखाली घेतले.

पुढारी दोन शब्द बोलला, मग एकेकजण बोलायला लागला.

शिंप्याबद्दल लोहार बोलला. म्हणाला, "माझ्या पोरांचे सदरे त्याने कधी मापाचे शिवले नाहीत. म्हटलं, अरे, हे गुडघ्यापर्यंत येतंय. तर म्हणायचा, पोर थांबणार आहे का? सदरा थांबेल. पोरगं बाप्या झालं, तरी सदरा टिकला." लोक हसले. शिंप्याची बायकोही हसली आणि हसता हसता तिने तोंडाला पदर लावला.

सुईणीबद्दल तर कुणी थांबेचना. खोलीतली निम्मी माणसं तिच्या हातून जगात आली होती. एक दांडगा गाडीवान उठला आणि म्हणाला, "मी जन्मलो तेव्हा रडलो नाही म्हणे. तिने उलटा धरून अशा दोन हाणल्या की अगदी परवापर्यंत तिच्यासमोरून जाताना पाठ झोंबायची." पुन्हा हशा झाला. एक बाई म्हणाली, "कळा येत असताना मला शिव्या घालायची आणि पोर झालं की माझे पाय चेपत रात्रभर बसायची."

मग कुंभाराच्या पोरीची पाळी आली. सात वर्षांच्या जिवाबद्दल काय बोलणार? कुंभार मान खाली घालून स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता. महिनाभर चाकाला हात न लावल्याने ते हात एखाद्या कारकुनासारखे स्वच्छ दिसत होते. कुंभारीण भिंतीला टेकून ताठ बसली होती. शेवटी मास्तर म्हणाले, "वर्गात गप्प बसायचं तिला कधी जमलं नाही. आता वर्ग फार गप्प असतो." आणि ते खाली बसले.

नावाडीण सावरून बसली. आता तिच्या नवऱ्याची पाळी. चांगलं नाही तर नाही, वाईट का होईना, कुणीतरी काहीतरी बोलेल. वीस वर्षं त्याने या माणसांना या काठावरून त्या काठावर नेलं होतं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. लोहाराने नखं खरवडायला घेतली. गाडीवानाने नजर छताला लावली. कुणाला खोकला आला, तेवढाच आवाज.

पुढाऱ्याने घसा साफ केला. "बरं. आता कामाचं बोलू."

म्हणजे संपलं होतं.

"पीक उभं आहे. वरच्या गावचा एक नावाडी स्वतःची नाव घेऊन यायला तयार आहे. इथेच राहील म्हणतो. आजच ठरवून टाकू."

धाकटा ताडकन उठला. "आणि आम्ही? तीन पिढ्या आमच्या घरात हे काम आहे. माझा भाऊ नको म्हणत होता. तुमच्यातल्या किती जणांनी ऐकलं ते सांगा. कुणी कुणाला उचलून..."

नावाडिणीने त्याच्या सदऱ्याचं टोक धरून असं खेचलं की तो दुखरा खांदा भिंतीला आपटत खाली बसला. तो विव्हळला. समोर कुंभारणीचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती धाकट्याकडे बघत नव्हती, नावाडिणीकडे बघत होती.

नावाडीण उठून उभी राहिली. आयुष्यात एवढ्या माणसांसमोर ती बोलली नव्हती.

"कापणीपुरतं मला नेऊ द्या," ती म्हणाली. "नाव दुरुस्त झालीय. कुणी बसलं नाही तर मी काय ते समजेन. मग आणा हवा तो नावाडी."

"बाईमाणूस, पाण्याला ओढ आहे..." पुढारी म्हणाला.

"ओढ मला दिसते."

पुढाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. वरच्या गावचा माणूस यायला तसेही चार-सहा दिवस लागणार होते. "बघ बाई," तो म्हणाला. ही परवानगी होती की धमकी, ते कुणालाच कळलं नाही.

---

पहिल्या दिवशी नावेत कुणी बसलं नाही. ती पहाटेपासून घाटावर दोर धरून उभी होती. माणसं खांद्यावर विळे टाकून येत, काठावर उभी राहत, पाण्याकडे बघत आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत जात.

दुसऱ्या दिवशी धनगर आला आणि शेळ्या चढवल्या. स्वतः मात्र काठावरच थांबला. "तू ने यांना. पलीकडच्या वस्तीवर माझा भाऊ आहे, तो उतरवून घेईल."

"आणि तुम्ही?"

"मला इकडे काम आहे जरा."

तिने शेळ्या नेल्या. शेळ्यांनी नावेत लेंड्या टाकल्या, एकीने तिच्या पदराचं टोक चघळलं, दुसरी मधल्या धारेत घाबरून तिच्या पायांत शिरली. काळा खडक जवळून गेला तेव्हा ती बांबूकडेच बघत राहिली. बांबू तळाला लागेना, लागला की चिखलात रुते, आणि उपसताना वाटे की आपणही त्याच्याबरोबर उपसून निघू. घरी आल्यावर धाकट्याने विचारलं, "बसलं का कुणी?" ती म्हणाली, "बसले की. दाढ्या होत्या सगळ्यांना." महिन्याभरात पहिल्यांदा म्हातारा सासरा फस्सकन हसला आणि मग लाजल्यासारखा गप्प झाला.

तिसऱ्या दिवशी कणसं झडायला लागल्याची बातमी आली आणि भीतीपेक्षा पोट मोठं झालं. लोहाराची सून बसली, गाडीवान बसला, मग बाकीचे. बसत ते कडेला घट्ट धरून, जशी काही नावाडीण मुद्दामच नाव हलवणार होती. वाटेत बोलत ते गेलेल्यांबद्दलच. सुईण अशी म्हणायची, शिंपी तसा करायचा. काळा खडक आला की सगळे गप्प होत. तो गेला की पुन्हा बोलत. नावाड्याचं नाव चुकूनही कुणी घेत नसे. ती मागे उभी राहून बांबू मारी आणि ऐकत राही. त्यांच्या दृष्टीने या नावेला मागचं टोकच नव्हतं.

रोज रात्री खांदे ठणकत, आणि झोप लागलीच तर उठून ती दोर नीट बांधलाय का ते बघून येई. उद्या काही झालं तर? एखाद्याचा पाय घसरला तरी पुरे होतं.

मग एका दुपारी घाटावर कुंभारीण आली. हातात कुदळ, काखेत रिकामी पोती. चांगली चिवट माती पैलतीरावरच्या खाचरातच मिळे. काही न बोलता ती चढली, पुढच्या टोकाला गेली आणि पाठ करून बसली. खेपभर तिने मान वळवली नाही. खडक आला तेव्हा तिच्या पाठीचे मणके चोळीतून वर आल्यासारखे दिसले, एवढंच. उतरतानाही ती बोलली नाही.

नावाडीण परतली, पण तिचं लक्ष आकाशाकडे होतं. वरच्या अंगाला ढग नव्हता, पण पाण्यावर बारीक सुरकुत्या उठायला लागल्या होत्या. वारा येणार होता. ती लगबगीने पुन्हा पलीकडे गेली.

तोवर पैलतीरावर गर्दी झाली होती. सगळ्यांनाच वाऱ्याच्या आधी निघायचं होतं.

"आठ जणच," ती म्हणाली. "बाकीच्यांनी थांबा. मी लगेच येते."

आठ बसले. नववा बसला. दहावा म्हणून गाडीवानाने पाय टाकला.

"उतरा, दादा."

"अगं, एवढ्याने काय होतंय? वारा वाढला की तू येणार आहेस का परत?"

"येईन. उतरा."

"अंधार पडेल," मागून कुणी ओरडलं. आणखी दोघी कडेवर चढल्या. नाव एका अंगाला कलली, पाणी कडेच्या चार बोटं खाली आलं. नावाडिणीने त्या पाण्याकडे पाहिलं. हेच होतं, असंच झालं होतं, तोही असाच इथे उभा राहून नको नको म्हणत असणार. ती "नको, नको" म्हणत राहिली. तिने बांबू आडवा धरला, तर कुणीतरी तो हाताने बाजूला सारला.

तेवढ्यात चिखलाने कोपरापर्यंत माखलेला एक हात आला आणि गाडीवानाच्या सदऱ्याला भिडला. कुंभारणीने त्या दांडग्या बाप्याला असा मागे ओढला की तो गुडघाभर पाण्यात बसला.

"ती नको म्हणतेय ना!" कुंभारीण किंचाळली. "नको म्हणतेय! ऐकू येत नाही तुम्हाला? त्या दिवशीही ऐकू आलं नव्हतं, आजही येत नाही? उतरा! उतर गं भवाने, उतर!"

कडेवरच्या दोघी उतरल्या. नववा उतरला. गाडीवान पाण्यातून उठला, सदरा पिळला आणि काठावर जाऊन गुमान बसला.

नावाडिणीने आठ माणसं नेली. मग पुन्हा आली, पुन्हा आठ नेली. वारा वाढला होता. गाडीवान दुसऱ्या खेपेत होता, आणि सबंध वाट तो न सांगता डब्याने तळातलं पाणी उपसत होता.

शेवटी उरली कुंभारीण आणि मातीची दोन पोती.

---

दिवस मावळतीला टेकला होता. या वेळी कुंभारीण पुढे गेली नाही. मधल्या फळीवर, नावाडिणीकडे तोंड करून बसली.

नाव धारेला लागली. वारा आडवा येत होता. नावाडीण सगळं अंग बांबूवर टाकत होती, तरी नाव खाली खाली सरकत होती, खडकाच्या बाजूला. कुंभारणीने नावेत पडलेलं वल्हं उचललं. तिला ते नीट धरताही येत नव्हतं.

"असं नाही, उलटं. तुझ्याकडे ओढ."

"असं?"

"हं. आता जोरात."

दोघी धापा टाकत राहिल्या. खडक डाव्या हाताला आला. त्याच्यावर पाणी फुटून उडत होतं. थेंब दोघींच्या तोंडावर आले. मग तो मागे गेला. धार ढिली पडली.

कुंभारीण वल्हं मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "तुझ्या धाकट्याला सांग, त्याला जे बोलायचंय ते त्याने बोलून टाकावं. मी काही म्हणणार नाही."

नावाडिणीने बांबू उपसला, पुन्हा टाकला. "त्याला काही बोलायचं नाहीये."

"उगाच नको सांगू."

"काही बोलायचं नाहीये म्हटलं ना."

पुन्हा थोडं पाणी कापलं गेलं. मग कुंभारणीने विचारलं, "तुझा नवरा घरी गेल्यावर बोलायचा का काही? नावेतल्या माणसांबद्दल?"

"बोलायचा म्हणजे?" नावाडीण म्हणाली. "जेवायला बसला की नकलाच करायचा. आज अमका असा बसला, तमकी अशी भांडली. मी म्हणायची, आधी गिळा, ठसका लागेल."

"माझ्या पोरीची करायचा?"

नावाडिणीचा हात अडखळला. "करायचा."

"काय करायचा?"

"जाऊ दे ना."

"सांग गं. घरात तिचं बोलणंच कुणी काढत नाही. हे तर भिंतीकडे तोंड करून पडतात. सांग."

नावाडीण काठाकडे बघत म्हणाली, "ती त्याला म्हणायची, मामा, तू जाडा आहेस, तू उतर, म्हणजे नाव भरभर जाईल. हा म्हणायचा, मी उतरलो तर बांबू कोण मारणार? तर म्हणायची, मी मारते, तू पोहत ये."

कुंभारीण मान हलवत होती. "तशी नाही बोलायची ती."

"कशी?"

"तुला माहीत आहे कशी. तिला र यायचा नाही. तो अगदी हुबेहूब करायचा. एकदा माझ्या देखत केलं, तर पोर अशी चिडली, अशी चिडली, की त्याच्या पोटरीला चावली. काठ येईपर्यंत तो लंगडत होता. नाटकी मेला." ती श्वास घ्यायला थांबली. "तसं कर. तो करायचा तसं."

गेलेल्या पोरीचं बोबडं बोलणं तोंडात घ्यायला नावाडिणीची जीभ रेटेना. नवऱ्याने ताटावर बसून केलेलं आठवायला लागलं. त्याचे फुगवलेले गाल, कमरेवर ठेवलेले हात, आणि आपण हसून हसून पाणी सांडलेलं. ते तिने महिनाभर आठवू दिलं नव्हतं.

तिने बांबू काखेत धरला, एक हात कमरेवर ठेवला.

"ए मामा," ती म्हणाली, आणि आवाज फाटला. पुन्हा घेतला. "ए मामा, तू जाडा आहेश. तू उतल ना! मग बघ नाव कशी भलभल जाते!"

कुंभारणीच्या तोंडून जो आवाज आला तो आधी हसल्यासारखा होता. मग ती पुढे वाकली, कपाळ मातीच्या पोत्याला टेकलं, आणि तिची पाठ गदगदा हलायला लागली. नावाडिणीने तिला धरलं नाही. नाव सोडून जाता येत नव्हतं. ती बांबू मारत राहिली आणि तिचेही डोळे वाहत राहिले, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

घाटावर पोचल्या तेव्हा माणसं अजून गेली नव्हती. वाऱ्यात शेवटची खेप अडकली म्हणून सगळी पाण्याच्या कडेला उभी होती. धाकटा कंबरभर पाण्यात शिरून एका हाताने दोर झेलायला थांबला होता. गाडीवानाने पुढे होऊन दोन्ही पोती खांद्यावर घेतली. पुढारीही होता. त्याने नावेतल्या ओल्या तळाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि धाकट्याला म्हणाला, "उद्या सकाळी मला पलीकडे जायचंय. लवकर या म्हणावं वहिनीला." मग वळून चालायला लागला.

कुंभारीण उतरली. तिचे डोळे सुजले होते, तोंडावर मातीचे पट्टे उमटले होते. शिंप्याच्या बायकोने तिला हात दिला आणि घाबरून विचारलं, "काय गं, काय झालं नावेत?"

"काही नाही," कुंभारीण म्हणाली. "हिचा नवरा माझ्या पोरीची नक्कल करायचा. ती करून दाखवली हिने."

शिंप्याची बायको तशीच उभी राहिली. बायका पांगल्या, पुरुष विळे उचलून निघाले, तरी ती हलेना. नावाडीण वाकून तळातलं पाणी उपसत होती. डब्याचा खरखर आवाज चालला होता.

"यांची पण करायचा का गं?" शिंप्याच्या बायकोने हळूच विचारलं.

नावाडिणीने डबा खाली ठेवला. कमरेला कळ आली होती, ती हात टेकून सावकाश सरळ झाली.

"बस," ती म्हणाली. "करून दाखवायला जरा वेळ लागेल. तुझा नवरा तोंडात टाचण्या धरून बोलायचा ना, ते आधी जमवायला पाहिजे."